आमची बोलेरो आणि देय तारखांची वही

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येक विंगमधल्या एकानं आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं, असं सांस्कृतिक समितीनं ठरवलं. माझं नाव निघालं तेव्हा मला वाटलं, मुदत ठेवी आणि वारसनोंद यांवर बोला म्हणतील. चौतीस वर्षं बँकेत काढली, दुसरं काय विचारणार? पण समितीतल्या तरुण मंडळींनी स्पष्टच सांगितलं, "काका, बँकेचं नको. तुम्ही रविवारी सकाळी त्या बोलेरोखाली आडवे होऊन काय करत असता, ते सांगा." म्हणजे माझे पायच तेवढे आपल्याला ठाऊक आहेत. आज तोंडही दाखवतो.

मी मेकॅनिक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर. पाना हातात धरला तो साठी जवळ आल्यावर. त्यामुळे मी सांगतो ते तज्ज्ञाचं मार्गदर्शन समजू नका. चुका करत शिकलेल्या माणसाचा हा जमाखर्च आहे. त्यातली एक चूक अशी होती, की आज मी आपल्यासमोर उभा नसतो. ती मी आजवर सोसायटीत कुणाला सांगितलेली नाही. आज सांगणार आहे.

आधी गाडीविषयी. आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली आणि बोलेरो बाजारात आली तीही २००० सालीच. आमची घेतली नोव्हेंबर २००४ मध्ये, बँकेच्या कर्मचारी कर्जावर. महिंद्रच्या नाशिकच्या कारखान्यातली. त्या वेळी इथले काही मित्र हसले होते. पुण्यात राहून एवढं धूड कशाला? कारण आमचं गाव. चिपळूणपासून आत, शेवटचे दोन किलोमीटर तेव्हा निव्वळ खडी आणि चिखल. जाताना आईची औषधं, सिमेंटची पोती, येताना तांदूळ, नारळ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. त्या रस्त्याला लहान गाडी पुरी पडत नव्हती. आज तिचा काटा एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटरवर आहे.

या गाडीची बांधणी जुन्या पद्धतीची. खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्यावर बॉडी बसवलेली, मागे पाटे, पुढे २,५२३ सीसीचं डिझेल इंजिन. आमच्या मॉडेलला डिझेल पुरवणारा पंपही यांत्रिक आहे. बोनेट उघडलं की फिल्टर, बेल्ट, बॅटरी सगळं दिसतं आणि हातही पोचतो. हल्लीच्या गाड्यांत आधी संगणक जोडून गाडीला विचारावं लागतं, बाई तुला काय होतंय. आमची बाई स्वतःच सांगते. ऐकणारा मात्र हवा.

ऐकायला शिकलो ते असं. २००९ च्या पावसाळ्यात गाडी सकाळी चालू होईना. सेल्फ मारत राहायचं, एकदा धरायची, लगेच बंद पडायची, मग पाच-सहा वेळा मारल्यावर चालू. दिवसभर पुन्हा काही तक्रार नाही. एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, पंप उतरवून दुरुस्त करावा लागेल, अठ्ठेचाळीस हजारांचा अंदाज. मी अंदाजपत्रक घेऊन घरी आलो. अंदाजपत्रक आलं की दुसरं मागवायचं, ही बँकेतली सवय. म्हणून ओळखीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. टिनाच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं.

त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी विचारलं, "रात्रभर उभी राहिल्यावरच होतं ना? दुपारी नाही?" मी हो म्हटलं. मग त्यांनी डिझेल फिल्टरकडे येणाऱ्या रबरी नळीच्या जागी वीतभर पारदर्शक नळी बसवली आणि म्हणाले, "आता साहेब, उद्या सकाळी बोनेट उघडून बघा." सकाळी पाहिलं तर नळीत डिझेल नव्हतंच, हवा होती. टाकीकडून येणाऱ्या जुन्या नळीला क्लिपपाशी बारीक चीर गेली होती. तिच्यातून हवा शिरायची आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरायचं. नळी बदलली, हातपंपानं हवा काढली, क्लिप आवळली. खर्च दीडशे रुपये.

मला पैशांपेक्षा त्यांच्या प्रश्नाचं जास्त कौतुक वाटलं. दोष केव्हा दिसतो आणि केव्हा दिसत नाही, हे त्यांनी पानं हातात घेण्याआधी विचारलं. मी कर्ज विभागात होतो. मार्च २००४ पासून नव्वद दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक धरायचं, असा नियम लागू झाला. पण खातं काही नव्वदाव्या दिवशी बिघडत नाही. आधी हप्ता दोन दिवस उशिरा येतो, मग आठ दिवस. मग साहेब फोन उचलत नाहीत. खुणा सगळ्या आधीच दिसतात, आपण त्या नोंदवत नाही. गाडीचंही तेच आहे, हे मला त्या टिनाच्या शेडमध्ये कळलं. पुढची दोन वर्षं दर शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. आधी चहा, मग 'हा पाना धरा', मग 'आता तुम्ही आवळा'. २०११ ला निवृत्त झालो तेव्हा इतरांच्या हातात शाल-श्रीफळ होतं. मला शाखेतल्या लोकांनी रिंग पान्यांचा संच दिला.

त्याच वेळी ही वही घातली. (इथे मी सभागृहात वही दाखवली होती.) साधी लांबट हिशेबाची वही. तारीख, काट्यावरचे किलोमीटर, काय केलं, किती खर्च आला आणि शेवटचा रकाना 'पुढची देय तारीख'. कर्जाच्या हप्त्याला देय तारीख असते, तशी ऑइलला, फिल्टरला, बेल्टला, टायरला असते. लक्षात राहील म्हणून सोडून दिलं की राहत नाही.

आता प्रत्यक्ष काम. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी सकाळी, गाडी थंड असताना पंधरा-वीस मिनिटं. सपाट जागेवर गाडी उभी असावी. ऑइलची पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालून बघायची, दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटची बाटली बघायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही. आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं. पातळी वारंवार कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नका, ते जातं कुठे ते शोधा. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून बघायचा, आतल्या बाजूला भेगा आहेत का पाहायचं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली असेल तर साफ करायची. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

टायरची हवा सगळेच बघतात, वय कुणी बघत नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसली तरी रबर कडक होतं, बाजूला भेगा पडतात. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. टायर झिजत त्यांच्या पातळीला आला म्हणजे १.६ मिलिमीटर नक्षी उरली. तो टायर त्या दिवशी संपला असं समजायचं. स्टेपनीलाही हे लागू आहे. आपल्या पार्किंगमध्ये मी गंमत म्हणून सात गाड्यांच्या स्टेपनी तपासल्या होत्या, मालकांना विचारून. तिघांच्या स्टेपनीत हवाच नव्हती. नावं सांगत नाही.

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर मी स्वतः बदलतो. आणि इथे मला एक जुनी माफी मागायची आहे. २०१२ साली सूचना फलकावर एक नोटीस लागली होती, 'पार्किंगमध्ये तेल सांडणाऱ्या सभासदांनी स्वखर्चाने फरशी स्वच्छ करावी.' सभासदांनी असं बहुवचन तत्कालीन सचिवांनी सौजन्य म्हणून घातलं होतं. सभासद एकच होता. ड्रेन बोल्ट काढला तेव्हा खालची थाळी पुढे सरकलेली होती, एवढंच कारण. त्या फरशीवर मी लाकडाचा भुसा टाकला, साबण लावला, तरी डाग आजही आहे. तेव्हापासून गाडीखाली आधी जुनी ताडपत्री, तिच्यावर थाळी. आणि काढलेलं काळं ऑइल डब्यात भरून गॅरेजला परत. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. बोल्टला दर वेळी नवा वायसर घालायचा आणि ताकद दाखवायची नाही. जोरात आवळून आटे गेले तर दोनशे रुपयांच्या कामाचे पाच हजार होतात.

ताडपत्रीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टँड. तरुण मंडळींनी हे नीट ऐकावं. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, अर्ध्या मिनिटासाठीही नाही. गाडी सपाटीवर, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. जॅकनं उचलायची, चासीखाली लोखंडी स्टँड लावायचे, गाडी स्टँडवर उतरवायची, हातानं हलवून बघायची आणि मगच खाली जायचं. सौ. माझे पाय दिसतात का ते गॅलरीतून बघत असते. दर दहा मिनिटांनी "अहो, आहात ना?" अशी हाक येते. मी "आहे" म्हणतो. आमच्या घरची सुरक्षाव्यवस्था ती हीच.

आता ती चूक.

मे २०१४. आम्ही गावी निघालो होतो. सौ., माझी बहीण, तिचे यजमान आणि मागे दोन मुलं. गाडीत सामान खच्चून. उंब्रजहून पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट. पाटणला जेवायला उशीर झाला आणि मी उतरताना जरा घाई केली. चौथ्या गिअरमध्येच घाट उतरत होतो आणि प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होतो. निम्मा घाट उतरल्यावर पायाला पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर आणखी मऊ. त्याच्या पुढच्या वळणाआधी पेडल सरळ तळाला टेकलं आणि गाडी तशीच जात राहिली.

त्या वेळी मनात काय आलं ते सांगता येत नाही. हातपाय मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे चालले. पेडल भराभर मारत राहिलो, तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडलं, गाडी आवळली. हँडब्रेक एकदम न ओढता दातादातानं वर घेतला. गाडी दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला घेतली आणि कडेच्या चरात डावी चाकं घालून थांबवली. मागून बहिणीनं विचारलं, "इथे का थांबलास रे?" मी म्हणालो, "इंजिन गरम झालंय." सौ.नं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही. मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला सावलीत जाऊन बसली.

पाऊण तासानं पेडल दाबून पाहिलं तर घट्ट! जसं काही झालंच नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं पोफळीपर्यंत उतरलो आणि पुढे चिपळूणला गॅरेजात गाडी नेऊन उभी केली.

दोष काय होता? ब्रेक ऑइल. नाव ऑइल असलं तरी ते तेल नसतं. ते हवेतलं पाणी हळूहळू शोषून घेतं, बंद टाकीतही. डॉट ३ प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. पाणी धरलेल्यासाठी तीच अट १४० अंशांवर येते. सतत ब्रेक दाबत घाट उतरलं की चाकाजवळ तेवढी उष्णता होते. ऑइलमधलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जातं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पेडल पुन्हा घट्ट. म्हणूनच हा दोष गॅरेजात सापडत नाही, घाटात सापडतो.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. गावी पोचल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात मी ही वही उघडली. पुढचे ब्रेक पॅड मी बदलल्याची नोंद होती, मागच्या लायनरची होती. आणि ब्रेक ऑइलसमोर तीन वर्षांत तीनदा एकच शब्द होता, 'भरले'. पॅड झिजले की टाकीतली पातळी थोडी उतरते, मी वरून थोडं घालत होतो आणि पातळी बरोबर आहे म्हणून बरोबरची खूण करत होतो. गाडी घेतल्यापासून जवळजवळ दहा वर्षं जुनं ऑइल काढून नवं भरलंच नव्हतं. त्याला देय तारीखच लावलेली नव्हती.

बँकेत आम्ही कनिष्ठांना सांगायचो, शिल्लक जुळली म्हणजे कर्ज चांगलं आहे असं नाही, तारण जाऊन बघा. मी स्वतःच्या गाडीची शिल्लक जुळवत होतो आणि तारण कुजत होतं. गाडीत माझी माणसं बसलेली होती. ती चूक कंपनीची नव्हती, गॅरेजची नव्हती, मिस्त्रींचीही नव्हती. ती या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. मी ते पान फाडलेलं नाही.

पुण्यात आल्यावर मिस्त्रींच्या देखरेखीखाली सगळं ऑइल बदललं. एकशे साठ रुपयांची बाटली! तेव्हापासून दर दोन वर्षांनी. या कामाला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक पेडलवर. आमच्याकडे पेडलवर सौ. असते. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. तिथल्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. मी म्हणतो "दाब", ती दाबते. "धर." मी निपल सैल करतो, काळपट ऑइल बाहेर येतं. निपल घट्ट करतो आणि मग "सोड". घट्ट करण्याआधी सोडलं तर हवा आत जाते आणि सगळं पुन्हा. पहिल्या खेपेला आमचं मोठं भांडण झालं होतं. ती म्हणाली, "चाळीस वर्षांत इतक्या आज्ञा दिल्या नव्हत्या." नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत हे चालवायचं. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. ऑइल रंगावर सांडू द्यायचं नाही, रंग उडतो. उघडी बाटली पुढच्या खेपेसाठी ठेवायची नाही. आणि हे काम शिकलेल्या माणसानं शेजारी उभं राहून एक-दोनदा करवून घेतल्याशिवाय एकट्यानं करू नका. मी एकट्यानं केलं ते तिसऱ्या खेपेला.

घाटाचा नियम मात्र फुकट आहे. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवायची. ब्रेक वळणापुरता.

पाण्याचं एक सांगतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापूर आला. आपल्या सोसायटीनं तेव्हा चादरी, खराटे, फिनेल, पिण्याच्या पाण्याचे कॅन गोळा केले होते. ते ऑगस्टमध्ये याच बोलेरोतून गेले. लहान मुलांनी पेट्यांवर चित्रं काढून दिली होती, ती अजून माझ्याकडे आहेत. तिथे ठिकठिकाणी चिखलपाण्यातून गाडी न्यावी लागली. परत आल्यावर मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट उघडून पाहिला तर आतलं ऑइल दुधाळ झालेलं. पाणी शिरलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर दातेचाकं आणि बेअरिंग खाऊन टाकली असती. म्हणून पाण्यातून गाडी काढलीत तर त्या आठवड्यात हे तपासा, आणि खाली प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस गननं ताजं ग्रीस मारा. गाडी पुरात बुडून उभी राहिली असेल तर मात्र चालू करून बघू नका. आत पाणी असताना सेल्फ मारला तर इंजिनच मोडतं. टो करूनच न्या.

घरी काय करायचं नाही याचीही यादी वहीच्या पहिल्या पानावर आहे. स्टिअरिंगचे जोड, चाकांची अलाइनमेंट, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, क्लच, एसीचा गॅस, चासीचं वेल्डिंग. याला मी हात लावत नाही. पण खुणा मी टिपून नेतो. 'आवाज येतो' असं मिस्त्रींना सांगून उपयोग नाही. डावीकडे वळताना येतो की उजवीकडे, थंड असताना की गरम, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, हे सांगितलं की त्यांचा निम्मा वेळ वाचतो आणि आपला निम्मा खर्च.

पैसे वाचतात का, असं बरेच जण विचारतात. हिशेब माझ्याकडे आहे, म्हणून खरं सांगतो. मजुरी वाचते. पण हत्यारांवर खर्च होतो आणि शिकताना दोन-चार वस्तू मोडतात. शिवाय जुन्या गाडीचा सरकारी खर्च वाढतो. पंधरा वर्षांनी २०१९ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं तेव्हा शुल्क सहाशे होतं. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झालं, ते २०२४ मध्ये भरलं. वर हरित कर वेगळा. आणि तो कर अयोग्य आहे असंही मी म्हणणार नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या मानानं आमची गाडी जास्त धूर सोडते. म्हणून शहरात मी ती काढत नाही, बाजारात बसनं जातो. गावाच्या खेपांपुरती ती ठेवली आहे. मला मिळालं ते हे, की गाडीत माझी माणसं बसतात तेव्हा खालच्या प्रत्येक वस्तूची तारीख मला माहीत असते. २०१४ पर्यंत ती माहीत आहे असा माझा नुसता समज होता.

आता शेवटचं. गाडीची नोंदणी नोव्हेंबर २०२९ पर्यंत वैध आहे. माझा वाहन परवाना डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह २०२३ मध्ये नूतनीकरण झाला, तो २०२८ पर्यंत. म्हणजे कागदोपत्री गाडी माझ्यापेक्षा एक वर्ष जास्त धडधाकट आहे!

आपल्या बी विंगच्या कोपऱ्यातल्या खांबावर कमरेएवढ्या उंचीवर दोन पांढरे ओरखडे आहेत. कुरिअरच्या टेम्पोनं केले असा सर्वसाधारण समज आहे. ते मी केले. पहिला गेल्या दिवाळीत, दुसरा या मार्चमध्ये. वीस वर्षं त्याच खांबाशेजारी गाडी लावतोय, कधी टेकली नव्हती. पहिल्या वेळी मी स्वतःला सांगितलं, उजेड कमी होता. दुसऱ्या वेळी तेच सांगणार होतो, तेवढ्यात वहीतला तो शब्द आठवला. 'भरले'. मी पुन्हा तेच करत होतो. पातळी जुळवत होतो.

म्हणून वहीत एक नवं पान उघडलं आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन २०२२, दोन्ही डोळे. रात्री समोरच्या दिव्यानं अजून दिपायला होतं. मान उजवीकडे पूर्ण वळत नाही. एप्रिलपासून अंधारात गाडी चालवणं बंद, घाट बंद. हे लिहिताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. त्या रात्री जेवताना सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, तुमचं तुम्हीच लिहिलंत. मला लिहावं लागलं असतं."

या मे महिन्यात कुंभार्ली घाट मुलीनं उतरवला, तिसऱ्या गिअरमध्ये. मी शेजारी बसलो होतो आणि पायानं सारखा नसलेला ब्रेक दाबत होतो. ती हसली, पण बोलली नाही. आदल्या रविवारी तिनं स्वतः ब्रेक ऑइल बदललं होतं. चाकापाशी ती, पेडलवर मी. "बाबा, दाबा. धरा. अहो, मी सोडा म्हटलं का?" असं चाललं होतं. सौ. गॅलरीतून ऐकत होती आणि फार खूश दिसत होती.

समितीला माझी एक विनंती आहे. दोन लोखंडी स्टँड, लाकडी ठोकळे, जंप केबल, टायरची हवा मोजायचं मीटर आणि पान्यांचा एक संच मी सोसायटीच्या कार्यालयात ठेवतो आहे. ज्याला लागेल त्यानं नोंदवहीत सही करून न्यावं, परत आणून ठेवावं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ ते नऊ मी खाली असतो. ज्यांना आपल्या गाडीची ऑइलची पट्टी कुठे असते हेही माहीत नाही, त्यांनी निःसंकोच यावं. मलाही त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. येताना एक वही आणा.

आणि त्या खांबाच्या रंगाचा खर्च माझ्या पुढच्या देखभाल शुल्कात लावावा. वहीत नोंद केली आहे.